तोंड बघून खाट उचलावी

जेवण झालंय. पोटात आमटी-भात, छातीवर स्मरणिकेची कच्ची पानं, नाकावर चष्मा तसाच. शालन आत भांडी आवरतेय. एकेक भांडं फळीवर चढतंय तसा तो आवाज लांब लांब जातोय. शेवटचं पातेलं काही मला ऐकू येत नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरून हलवतं.

"मास्तर, ऊठ. हवा गेलीय तुझी."

बाबालाल तांबोळी. सायकल दुकानवाला, माझा जन्माचा दोस्त, जाऊन चार वर्षं झाली. मी जरा सावरून बसतो. तो मात्र होता तसाच आहे, हाताला काळं ग्रीस, खिशात पाना, अंगाला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. मेल्यावर माणूस स्वच्छ होतो असं ऐकलं होतं, असं मी म्हणतो. तो म्हणतो, तिकडंही सायकली आहेत आणि तिकडंही काटे आहेत.

मग तो माझ्या छातीवरची पानं उचलून वाचायला लागतो आणि मी ती ओढून घ्यायला जातो.

आमच्या आधार मंडळाला पन्नास वर्षं होतायत. सुरुवातीच्या आठ जणांपैकी मी एकटाच उरलोय, म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. बाबालालची नात नसीमा आता मंडळाची सेक्रेटरी आहे. काल तिनं ही पानं वाचली आणि हळूच विचारलं, "गुरुजी, आजोबांची चूक छापायचीच का?" मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. आज संध्याकाळी ती पानं न्यायला येणार आहे.

"चल," बाबालाल म्हणतो. आम्ही आरामखुर्चीतून उठतो ते थेट थोरवतांच्या ओसरीवर.

पहाट फुटतेय. मी चोवीस वर्षांचा आहे आणि माझे गुडघे काही बोलत नाहीत. नदीवर अजून पूल नाही, दवाखाना पलीकडं पाच मैलांवर. गावात कुणी आजारी पडलं की आम्ही आठ जण खाटेला दोन बांबू बांधून त्याला पोचवतो. चौघांचे खांदे, चौघं बदलीला. आमचे दोन नेम, आणि त्यांचा आम्हाला भारी गर्व. उचललेली खाट दवाखान्याच्या पायरीशिवाय कुठंही टेकवायची नाही. आणि आजाऱ्याच्या तोंडावरचं पांघरूण वाटेत काढायचं नाही, बाईमाणसाला संकोच नको.

ओसरीवर दोन खाटा. एकीवर थोरवतांची सून हौसा, बाळंतपणात अडलेली. बाई अशी करारी की डोक्यावरून घेतलेल्या पांघरुणात ओठ दाताखाली धरून गप्प पडलेली. दुसरीवर तिचे सासरे तात्या, डोक्यावरून घोंगडी घेऊन गाढ झोपलेले, आणि झोपेत असे कण्हणारे की ऐकणाऱ्याला कळा याव्यात. पुढारी मी. मी कान देतो आणि बोट दाखवतो.

"ही उचला."

पाणी गुडघाभर आहे. दर वर्धापनदिनाला वीत वीत वाढवत मी ते गळ्यापर्यंत आणलंय, शिवाय तिसाव्या वर्षी एक मगर घातलीय. बाबालाल पाण्यात उभा राहून इकडंतिकडं बघतो आणि मगर कुठाय म्हणून विचारतो. मी म्हणतो, येईल. आणि खरंच येते. आमच्याकडं बघून ओळखीचं हसते आणि खाटेला वाट करून देते.

नदीच्या मध्यावर खाट जोरात कण्हते. मी म्हणतो, वहिनी, जरा कळ सोसा, आलोच आपण. तेव्हा घोंगडीतून मिशा बाहेर येतात.

तात्या थोरवत. पुढच्या महिन्यात आपली धाकटी मुलगी शालन मला द्यायची की नाही हे ठरवणारा माणूस. खाली ठेवा म्हणून ते ओरडतायत आणि आम्ही नेम मोडत नाही. धडधाकट माणसाला आम्ही पाच मैल खांद्यावरून नेतो, शिव्या खात, पाळीपाळीनं खांदे बदलत.

मी एवढंच सांगत आलोय, फक्त बोट बाबालालचं म्हणून. इथं हॉल हसतो.

पण बाबालाल माझी मान धरून मागं वळवतो. मागं ओसरी आहे, आणि तिथं तरणा बाबालाल. दोर आणायला म्हणून तो मागं राहिला होता. तो धावत येतो तर हौसाची खाट जागेवरच. बोळातून सोडावॉटरची हातगाडी ओढून आणतो, तिच्यात दोन गोधड्या टाकतो, हौसाला निजवतो, तिच्या सासूला बरोबर घेतो आणि वरच्या उतारानं एकटा गाडी ढकलत पाण्यात घालतो. त्याच्या पायातून रक्त येतंय. हा भाग मी पन्नास वर्षांत कधी सांगितला नाही, कारण त्यात हसू नाही.

दवाखान्याच्या पायरीवर आम्ही खाट टेकवतो तेव्हा आतून पोराचं रडणं ऐकू येतं आणि बाबालाल दाराशी धापा टाकत उभा असतो. तात्या खाटेवरून उतरतात, हात उगारतात आणि विचारतात, माझी खाट कुणी दाखवली. मी माझ्या पायांकडं बघतो. शालन गेली, असं मनात म्हणतो.

"मी, तात्या," बाबालाल म्हणतो.

आता सून आणि नातू वाचवणाऱ्याला मारायचं कसं? तात्यांचा हात तसाच वर राहतो, मग ते हसायलाच लागतात. हसता हसता त्याच खाटेवर बसून म्हणतात, हे काम आता रीतसर करा, मंडळ काढा, अध्यक्ष मी होतो, आणि पहिला नियम लिहून घ्या, तोंड बघून आणि नाव विचारून खाट उचलावी.

पायऱ्या चढून आत जातो तर प्लास्टिकच्या खुर्च्या. मंडळाचा हॉल. भिंतीवर ती खाट टांगलेली. पूल झाला त्या वर्षी इथंच मी मंडळ बंद करायचा ठराव मांडला होता. पूल झाला म्हणून माणसं आजारी पडायची थांबली का, असं बाबालालनं विचारलं आणि दुसऱ्या आठवड्यात कुठूनसा मोडका टेम्पो आणून स्वतः दुरुस्त केला. आज दोन रुग्णवाहिका आहेत, वॉकर आहेत, पाण्याच्या गाद्या आहेत. ड्रायव्हर अजून आधी तोंड बघतो आणि नाव विचारतो. लोकांना वाटतं सरकारी नियम आहे.

बाबालाल भिंतीवरची खाट काढतो आणि तिच्यावर आडवा होतो. मला कळतं. तो गेला तेव्हा मी गुडघ्याच्या ऑपरेशननं सांगलीत पडून होतो, मला खांदा देता आला नाही. मी पुढचा बांबू उजव्या खांद्यावर घेतो. बाकीचे तिघं कोण आहेत ते मी वळून बघत नाही, पण पावलं ओळखीची आहेत.

"बाबालाल, ते बोट माझं होतं."

"मला सांगतोस होय? लिही की. हातगाडी घाल. मगर राहू दे, पोरांना आवडते."

"शालन वाचेल. तिच्या बापाला मी नदीत नेलं, आणि पन्नास वर्षं तुझ्या नावावर खपवलं."

"वहिनीला मी हळदीदिवशीच सांगायला गेलो होतो. म्हणाली, ठाऊक आहे, मी दाराआड उभी होते."

"मग तेव्हाच बोलली का नाही?"

"ते तिला विचार. मला मेलेल्या माणसाला तुमच्या घरच्या भानगडीत ओढू नको."

मी हसतो, खांदा हलतो, आणि तो खाटेवरून म्हणतो की टेकवू नको, अजून पायरी आली नाही. मी त्याला म्हणतो, बाबालाल, घर दिलंस मला. खाट हलकी होत जाते.

"चहा," शालन म्हणते.

ऊन खिडकीतून उतरलंय. कप हातात न घेताच मी विचारतो, "त्या पहाटे दाराआड तू होतीस?"

कुठली पहाट, कुठलं दार, असं काही ती विचारत नाही.

"होते."

"मग खाट चुकली म्हणून सांगितलं का नाही?"

"मी तुमच्याकडं बघत होते. खाट कोण बघतंय?" ती पदरानं कपाची कड पुसते. "तुम्ही वळणावर दिसेनासे झालात तेव्हा ध्यानात आलं. बाबालालभाऊ दोर घेऊन येत होते, त्यांना मीच हाक मारली."

मी पेन घेतो आणि हात उचलतो तर खांद्यातून कळ येते. शालन सदरा खांद्यावरून बाजूला करते. उजव्या खांद्यावर दोन बोटं रुंद, लाल, ताजा वळ. ती अंगठ्यानं दाबून बघते आणि तेल कोमट करायला आत जाते.

मी लिहून टाकलंय: खाट मी दाखवली, हौसाला बाबालालनं पोचवलं. अक्षर वाकडं आलंय, हात दुखतोय. वळाच्या मधोमध बांबूचं पेर उमटलंय, गोल, स्पष्ट. या आणि बोट लावून बघा.