चौथ्या बाजाराची सुई

धुरपता एक दिवस हातची नोकरी घालवून बसणार, ही धास्ती सिंदीच्या सुलोचनाबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. कामाला वाघ होती ती. पण आधी विचारावं आणि मग करावं, हे तिला कधी जमलंच नाही.

धुरपता वर्ध्याच्या एका इस्पितळात आया होती, जंगलकाठच्या गोंड वस्तीतली. तिचा धाकटा भाऊ जंगू आधी गुडघे धरून लंगडू लागला, मग चार पावलांत धापा टाकू लागला आणि बाराव्या वर्षी गेला. कोणी बाहेरचं म्हणालं, कोणी नजर. घसा सुजून आलेला ताप सांध्यांत उतरतो आणि जाता जाता काळजाच्या झडपा खराब करतो, हे तिनं पुढे इस्पितळात डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. तेव्हापासून खेळता खेळता मध्येच बसकण मारणारं पोर तिच्या नजरेतून सुटत नसे. सिंदीच्या आसपासची एकवीस पोरं डॉक्टरांच्या यादीत होती. त्यातली चौदा तिनंच हुडकलेली.

महिनाभर अंगात टिकणारं पेनिसिलिन खेड्यातल्या पोरांना नेमानं दिलं, तर तो ताप परत यायचा थांबतो का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. दर महिन्याच्या एक तारखेला इस्पितळाची गाडी सिंदीत येई आणि सुलोचनाबाईंच्या ओसरीवर सुया दिल्या जात. त्यांची नऊ वर्षांची लेकही त्या यादीतलीच. पण बाकीची पोरं यायची पाच, फार तर सहा. नोव्हेंबरात मात्र एकवीसच्या एकवीस आली.

डॉक्टर तरीही खूश नव्हते. "एकदा येऊन काय होतं? पुढच्या खेपेला पंधराहून कमी आली, तर सिंदीची यादी बंद." आणि रांग सोडून एका पोराला आधी पुढे काढल्याबद्दल धुरपतालाही त्यांनी सुनावलं, "पुन्हा न विचारता काही केलंस, तर घरी बसायचं."

आज एकोणतीस तारीख. दुपारी सुलोचनाबाई बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. ओसरीभर पोरं! मांडीला मांडी लावून, आयांसकट. पदराखाली कांदे, मिरच्या, नवी केरसुणी. मधोमध धुरपता, सकाळीच वर्ध्याहून आलेली, मोजणी करत.

"एकोनीस झाले, बाई! दोघं येऊन राह्यले."

"अगं, पण गाडी परवा येणार!"

"काऊन? म्या गाडीवाल्या चंद्रभानले सांगतलं नं, चौथ्या बाजाराले आन म्हून. मान हालवली त्यानं."

"चंद्रभान तर झोपेतही मान हलवतो!" सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला. "डॉक्टरांना विचारलंस?"

धुरपतानं पदर खोचून "नाई" म्हटलं. मग म्हणाली, "एक तारीख याइच्या घरी कोनाले समजते, बाई? कापसाची वेचनी सुरू हाय, रोजी बुडते. बाजाराच्या दिवशी कोनी कामावर जात नाई. मागच्या एक तारखेले बाजार होता, म्हून तं सारे आलते! मंग म्या साऱ्याइले सांगून देल्लं, आतापासून चौथा बाजार."

सुलोचनाबाई आत गेल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाजाराच्या वारावरून बोट फिरवलं. एक, आठ, पंधरा, बावीस, एकोणतीस. बरोबर अठ्ठावीस दिवस!  सुईचा जोर चार आठवडेच टिकतो, दिवस वर जाऊ देऊ नका, हे डॉक्टरांनीच त्यांना समजावलं होतं. पण गाडी मात्र सोयीसाठी एक तारखेची. कधी तीस दिवस होत, कधी एकतीस. बी.ए. झालेल्या सुलोचनाबाईंच्याही हे कधी ध्यानात आलं नव्हतं. एक अक्षर न येणाऱ्या धुरपतानं डॉक्टरांपेक्षा नेमका दिवस धरला होता!

त्या जवळजवळ धावतच बाहेर आल्या. "धुरपता, तुझं बरोबर आहे गं! अगदी बरोबर!"

"पन बाई, ऊन कललं का आमी निंगतो," नत्थूची आई मनकर्णाबाई म्हणाली. "तीन कोस चालाचं हाय. परवा काई येनं होत नाई." नत्थू भिंतीला टेकून बसला होता, गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती. तशीच शीर सुलोचनाबाई रोज आपल्या लेकीच्या गळ्यावर पाहत.

वर्ध्याहून गाडी आत्ता निघाली, तर ऊन कलायच्या आत पोचेल. पण कळवायचं म्हणजे दिवस कोणी बदलला, तेही आलंच.

धुरपतानं त्यांचा चेहरा वाचला. "माह्यं नाव सांगून टाका, बाई. नवकरी गेली तं गेली. हे पोरं गेले तं कुठून आनू?"

सुलोचनाबाई रस्ता ओलांडून समोरच्या कापसाच्या अडतीत शिरल्या. कधी न येणारी बायको गिऱ्हाइकांतून वाट काढत आलेली पाहून वासुदेवराव गादीवरून अर्धे उठले.

"काय झालं? लेकीला काही...?"

"लेकीचंच आहे. एकोणीस लेकरांचं आहे. फोन द्या इकडे."

"कोणाला करतेस?"

"डॉक्टरांना. दिवस धुरपतानं बदलला, आणि तोच खरा आहे, गाडी आत्ताच पाठवा, असं सांगणार आहे. तिला काढायचं असेल, तर माझ्या लेकीचंही नाव यादीतून काढा म्हणावं."

त्यांनी रिसीव्हर उचलला आणि एक्स्चेंजवाल्याकडे वर्ध्याचा नंबर मागितला.