नळी नसलेल्या ग्रंथी

काशीत दुर्गाघाटावर आमच्या शेजारी राहणारे मास्तर सरकारी शाळेत शरीरशास्त्र शिकवत आणि घरी आल्यावरही थांबत नसत. गल्लीत कुणी तणतणला, की म्हणत, "त्याचा दोष नाही. मूत्रपिंडावरची ग्रंथी." कुणी सुस्त दिसला, तर गळ्यातली. कुणाचं पोरगं ताडमाड वाढलं, तर मेंदूखालची, वाटाण्याएवढी. "या ग्रंथींना नळी नसते," ते बजावत. "रस थेट रक्तात. बाहेर कुणाला पत्ता लागत नाही."

घाटावरच्या भटजींना ग्रंथी म्हणजे जानव्याची ब्रह्मगाठ एवढंच ठाऊक. एकजण आपली सुटलेली गाठ घेऊन मास्तरांकडे आला. मास्तरांनी ती नीट बांधून दिली आणि जाता जाता त्याचा गळाही चाचपला.

मास्तरांच्या मुलीच्या पाठवणीच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी घोड्याचा एक्का उभा होता. ती पाया पडली, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "पोचल्यावर पत्र टाक." एक्का दिसेनासा झाला. मी वळून पाहिलं, तर त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"मास्तर, ही कुठली ग्रंथी?"

"ही त्यातली नाही," उपरण्याने डोळे पुसत ते म्हणाले. "हिला नळी असते."