ठिपक्यांच्या बाई

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सगळ्या इस्पितळात त्यांना ठिपक्यांच्या बाई म्हणूनच ओळखत. मी प्रयोगशाळेत कामाला लागले तेव्हा बाईंची तिथे बावीस वर्षं झाली होती. तळमजल्यावरच्या आमच्या लांबट खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्याखाली रोज सकाळी प्रसूतिगृहांतून आलेली कार्डं मांडलेली असत. जाड टीपकागदाच्या प्रत्येक कार्डावर तान्ह्या बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे पाच वाळलेले ठिपके असायचे. बाई चष्मा कपाळावर चढवून एकेक कार्ड उजेडात धरायच्या आणि ठिपका फिका दिसला की पुटपुटायच्या, "कंजूषपणा केलाय नर्सबाईंनी. परत मागवा."

मग त्या ठिपक्यातून मसुराच्या डाळीएवढी टिकली पाडायची, ती द्रावणात भिजवायची आणि आलेला अर्क यंत्राला द्यायचा. हे यंत्र दोनच वर्षांपूर्वी आलं होतं. ते दिवसभर घुरघुरायचं आणि खोली तापवायचं. बाईंनी त्याचं नाव म्हैस ठेवलं होतं. "हिला वेळेवर गॅस द्या. चारा चुकला की लाथ मारते," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं.

ॲसिलकार्निटीन हा शब्द मला तेव्हा धड उच्चारताही येत नव्हता. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तो समजावला. "अगं, पोट रिकामं असलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं. जाळायची भट्टी पेशीच्या आत असते आणि चरबीला एकटीला आत जाता येत नाही. कार्निटीन हा तिचा हमाल. चरबी पाठीवर घेतलेला हमाल म्हणजे ॲसिलकार्निटीन. भट्टीत बिघाड असला की माल जळत नाही, हमाल ओझ्यासकट बाहेर येतात आणि रक्तात गर्दी करतात. आपण ती गर्दी मोजतो. कुठल्या मापाचा माल अडलाय त्यावरून भट्टीचं कुठलं दार बंद आहे ते कळतं."

"आणि दार बंद असलेलं बाळ?"

"दिसायला अगदी गुटगुटीत. वेळेवर पाजलं तर काही होत नाही. पण उपाशी राहिलं तर साखर संपते, चरबी जळत नाही आणि बाळ निपचित पडतं."

त्यानंतर वर्षभरात असं बाळ मी एकदाही पाहिलं नव्हतं. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पडद्यावर आठ कार्बनवाल्या, म्हणजे मधल्या मापाच्या, ॲसिलकार्निटीनची रेघ एवढी वर गेली की मला वाटलं म्हैस बिघडली. बाईंनी त्याच कार्डाची दुसरी टिकली पाडली. पुन्हा तीच रेघ. कार्ड मुलीचं होतं, सहा दिवसांच्या. त्यावरचा फोन कुठल्याशा दुकानाचा होता आणि तो कुणी उचलेना. बाईंनी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "पत्र पाठवण्यात दिवस जाईल. तुम्ही जाऊन घेऊन या, मी खाट तयार ठेवतो."

बाईंनी पांढरा कोट काढलाच नाही. कार्डावरच्या पत्त्यावर आम्ही टॅक्सीने गेलो. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि बाळाच्या आजीने दार उघडलं. तिने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. कालपासून मुळीच त्रास देत नाहीये. गुणाची पोर आहे, झोपू द्या."

"शेवटचं दूध कधी प्यायली?"

आजी सुनेकडे बघायला लागली. सून चाचरत म्हणाली, "पहाटे. त्यानंतर दोनदा घेतलं, पण ती ओढतच नाही."

बाईंनी बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. बाळाने पाय हलवलासुद्धा नाही. "आजी, ही झोप नाही," बाई शांतपणे म्हणाल्या आणि दुपट्यासकट बाळाला उचलून जिना उतरायला लागल्या. आम्ही तिघी मागून.

इस्पितळात साखर तपासली तर ती जवळजवळ नव्हतीच. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. तासाभराने ती चिमुरडी अशी काही रडली की बाई वॉर्डच्या दारात भिंतीला टेकून खालीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाळाची आई आमच्या खोलीत आली. तिला रेघ बघायची होती. बाईंनी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "चार वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला. सव्वा वर्षाचा होता. साधा ताप होता, दिवसभर काही खाल्लं नाही. सकाळी उठलाच नाही. मी त्याला उपाशी झोपवलं, असं सगळे म्हणतात. मीही तेच म्हणते."

आजी दारातच उभी होती.

बाईंनी खुर्ची ओढून आईला बसवलं. "त्याचं कार्ड आपल्याकडे नाही, तेव्हा हे यंत्रच नव्हतं. छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. पण बहुधा हेच होतं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून येतो, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. एखादं निरोगी मूल एक दिवस जेवलं नाही तर किरकिरतं, एवढंच. तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं, बाळ."

आई रडली नाही. तिने फक्त डोळे मिटले. आजी आत आली, तिने सुनेच्या खांद्यावरची जड पिशवी काढून आपल्या खांद्यावर अडकवली आणि म्हणाली, "चल. तिच्या दुधाची वेळ झालीय."

त्या मुलीला वेगळं औषध असं फारसं लागलं नाही. वेळेवर खायचं आणि आजारी पडली की लगेच इस्पितळ गाठायचं, बस. पहिली काही वर्षं आई तिला दर सहा महिन्यांनी आणायची. मुलगी बाईंच्या टेबलाखाली बसून रिकाम्या कार्डांवर रंगीत पेन्सिलीने ठिपके काढायची आणि बाई मुळीच रागवायच्या नाहीत. एरवी कार्डाला कुणी ओला हात लावला तरी त्या घर डोक्यावर घेत.

बाई निवृत्त झाल्या त्याला आता अकरा वर्षं झाली. नवीन यंत्र कपाटाएवढं आहे आणि आवाजही करत नाही. तिथल्या नव्या मुली कानात गाणी घालून काम करतात आणि काम चोख करतात, तक्रारीला जागा नाही. मला मात्र दुपारच्या जेवणाला ती खोली रिकामी वाटते. गेल्या महिन्यात बाईंना भेटायला गेले होते. त्यांना ऐकू कमी येतं आता. मी विचारलं, एवढ्या वर्षांत किती कार्डं पाहिली असतील?

"कोण मोजतंय," त्या म्हणाल्या. "आणि तू जेवलीस का?"