आकडे झाकणारी शेवंती

समोर आलेख आला की शेवंती आधी त्यातले आकडे झाकायची. डावीकडच्या आकड्यांवर तळहात, खालच्या वर्षांवर पट्टी, मध्ये उरायची ती नुसती चढती-उतरती रेघ. मग चष्म्यावरून समोरच्या मुलाकडे बघून विचारायची, "बे, की फिन आरिवे?" म्हणजे, काय झालं बाबा इथं? शेजारच्या घरात भांडण झालं की आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावच्या बायका कुंपणावरून हेच, अगदी याच सुरात विचारतात. मुलगा इंग्रजीत चाचपडायला लागला की ती त्याला थांबवायची. "इंग्लिस मागनं. आधी आपल्या तोंडानं सांग. वर कोण गेला, खाली कोण आला, वाटेत कोणी कोणाला मागं टाकला?"

ही सगळी खटपट विलायतेहून येणाऱ्या इंग्रजीच्या पेपरासाठी. त्यात एक आलेख नाहीतर तक्ता असायचा आणि त्यावर छोटासा अहवाल लिहायचा असायचा. परदेशी शिकायला जायचं तर या पेपरातून सुटका नव्हती. माझ्या वर्गातली मुलं निबंधात बाजी मारायची आणि अहवालात आपटायची. शेवंतीची मुलं निबंध बेताचाच लिहायची, पण अहवालात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. मला तिचा हेवा वाटायचा. 'वाटायचा' हे उगाच लिहिलं. ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाटतो.

बरं, ती काही माझ्यापेक्षा जास्त शिकलेली नव्हती. सत्तरच्या दशकात आम्ही दोघी मोका गावी एकाच वर्गात शिक्षकी शिकलो, आणि निकालात मी तिच्या पुढे होते. नंतर तिथल्याच एका कॉलेजात दोघी इंग्रजी शिकवायला लागलो. ती कार्तिए मिलितेर गावाकडची, बोलणं थेट आजीच्या चुलीपाशी शिकलेलं, त्यात बेटावरची क्रेओल बोली मिसळलेली. बाजारातून घेतलेल्या फुलाफुलांच्या साड्या, कशाचा कशाशी मेळ नाही. पर्समध्ये उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पुडी. शिक्षकांच्या खोलीत ती शेंगा सोलत बसायची आणि टरफलं माझ्या टेबलावर यायची.

माझ्या वर्गात रेघ नुसती वर गेली असं कोणी लिहायचं नाही. ती झेपावायची, भरारी घ्यायची, कोसळायची. असे भारदस्त इंग्रजी शब्द मी मुलांकडून घोकून घेत असे. शेवंतीने एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलीचा साखरेच्या आलेखावरचा पेपर वाचला आणि कपाळाला हात लावला. "आयो, मालू! हा ग्राफ वाचून मला चक्कर आली. साखर हाय ना गो ही? विमान हाय काय?" सगळी खोली हसली. मीही हसले, म्हणजे दात दाखवले.

तिचं म्हणणं साधं होतं. पहिल्या वाक्यात दारातून सगळं घर दिसलं पाहिजे, खोल्या मागाहून. आणि प्रत्येक आकडा सांगत बसायचं नाही. "लग्नाहून घरी आलीस तर आईला काय सांगशील? कोण आला, कोण रुसून गेला, ता सांगशील. केळीच्या पानावर कोणी किती भात घेतला ता सांगशील काय?" मुलं खिदळायची आणि त्यांच्या डोक्यात ते कायमचं बसायचं. मी हेच फळ्यावर चार मुद्दे घालून शिकवत होते. माझे मुद्दे वहीत राहायचे.

आणि मग दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. सराव परीक्षेत माझी स्वतःची मुलगी सुनीता अहवालात नापास झाली. तिला स्कॉटलंडला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. त्यापायी लहानपणापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "ममां, मी शेवंती मिसकडे लेसोंला जाऊ?" खाजगी शिकवणीला आमच्याकडे लेसों म्हणतात. इंग्रजीच्या बाईची मुलगी इंग्रजीच्या लेसोंला, तेही शेवंतीकडे! पण प्रश्न पोरीच्या आयुष्याचा होता. "जा," मी म्हटलं. तिच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि शहाण्यासारखं आपल्या ताटात लक्ष घातलं.

सुनीता जायला लागली आणि आमच्या घरात शेवंती राहायला आली. चहा करताना शेवंती मिस असं म्हणते, केस विंचरताना शेवंती मिस तसं म्हणते. घरात तोंड न उघडणारी माझी पोर तिच्याविषयी बोलताना थांबत नसे. मी ऐकायची आणि भांडी जरा जोरात घासायची.

एका संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता म्हणून मी छत्री घेऊन तिला आणायला गेले. शेवंतीची लेसों घरापुढच्या पडवीत चालायची. मी फाटकाशी पोचले तेव्हा समोर बेटावरच्या साखरेचा आलेख होता. रेघ एका वर्षी धाडकन खाली आलेली. आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक की ते वादळाचं वर्ष. त्यामुळे झाडून सगळ्या मुलांनी अहवालात वादळ लिहिलं होतं. कोणी उडालेले पत्रे लिहिले होते, कोणी आडवा झालेला ऊस. सुनीतानेही लिहिलं होतं. खरं सांगते, मीसुद्धा लिहिलं असतं.

शेवंतीने कागद उचलून उजेडासमोर धरला. "ह्यात वारा कुठं हाय? मला दाखवा. विलायतेचा मास्तर वादळात आपल्या घरात होता काय? त्याच्यापुढं नुसती रेघ. रेघेत नाय ता लिहायचा नाय." मुलांचे चेहरे पडले. तेव्हा तिने पेनं खाली ठेवायला लावली. "कागदावर नाय म्हटला. तोंडानं सांगा ना. चला, वादळात कोण कुठं होता?"

मुलं एकेक करून सांगायला लागली. सुनीताची पाळी आली. वादळाच्या वेळी ती जेमतेम सात वर्षांची, गावाला माझ्या सासूबाईंकडे होती. ती म्हणाली, "आजीनं मला पलंगाखाली घातलेला. मला वाटलं ममां मेली, आणि सगळे माझ्यापासून लपवतात. ममां आली तेव्हासुद्धा मला ती खरी वाटली नाही. मी तिच्या हाताला चिमटा काढला."

तो चिमटा मला आठवत होता. पोर दांडगाई करते म्हणून मी रागावलेही होते. दहा वर्षांत तिने मला कारण सांगितलं नव्हतं, आणि आज शेंगा सोलणाऱ्या या बाईला सहज सांगून टाकलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते ऐकायचा हक्क माझा होता.

शेवंतीने मला पाहिलं नव्हतं. ती सुनीताला म्हणाली, "तुझी आई तेव्हा माझ्यासंगती मोकाला अडकलेली. फोनच्या तारा तुटलेल्या, तरी ही नंबर फिरवीत बसलेली. मी सांगितला, मालू, फोन मेला. तर मला बोलली, तू गप बस, तुला पोर नाय. रस्त्यावर झाडं पडलेली, तरी उजाडताच चालत निघाली तुझ्याकडं."

घरी जाताना एका छत्रीत सुनीताने माझा हात धरला. ती बरीच मोठी झाल्यापासून तिने तो धरला नव्हता. घट्ट धरला होता. आणि मी काय विचार करत होते? की हे मी तिला सांगायचं होतं. माझी गोष्टही शेवंतीनेच सांगून टाकली, आणि हा हातसुद्धा मला तिच्याकडून मिळाला.

सुनीता पास झाली, अहवालात उत्तम गुणांनी. विमानतळावर ती आधी माझ्या पाया पडली, मग शेवंतीच्या. पण शेवंतीच्या गळ्यात पडून तिने कानात काहीतरी बराच वेळ सांगितलं. विमान गेल्यावर मी न राहवून विचारलं, "काय म्हणाली?" शेवंती डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या पोरीला विचार गो." मग माझ्याकडे बघून तिरकस हसली. "मालू, तू असा बघतेस जसा मी तुझा काय चोरला. तुला ती ममां बोलते, मला मिस. बदलायचा काय? मी आत्ता तयार हाय." परतताना बसमध्ये तिचं तिकीट मी काढलं, एवढंच.

पुढे चार वर्षांनी शेवंतीला पोटाचा आजार झाला. इस्पितळात मी रोज डबा न्यायची. ती दोन घास खायची आणि नर्सच्या तापाच्या तक्त्यावर हात ठेवून मला विचारायची, "बे, की फिन आरिवे?" मी म्हणायची, "वर गेला, आता खाली येईल." ती म्हणायची, "येईल बोलू नको. रेघेत नाय." ती गेली त्या दिवशी तिच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टर, वकील, कारकून, सगळे तिचे. माझ्या वेळी निम्मे तरी येतील का, असा विचार तिथेही माझ्या मनात आलाच.

सुनीताला मी फोनवर कळवलं. तिकडे तिची परीक्षा चालू होती, येणं शक्य नव्हतं. ती लहान मुलासारखी हुंदके देऊन रडायला लागली. कुठल्या तरी विषयात आपटली तेव्हा, कुणा मुलाशी बिनसलं तेव्हा, तिथल्या थंडीत घरी परतावंसं वाटलं तेव्हा तिने शेवंतीलाच फोन केला होता, हे मला त्या हुंदक्यांतून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मला ती नेहमी सांगायची, सगळं ठीक आहे.

"आता मी हे सगळं कुणाला सांगू, ममां?"

"मला," मी म्हटलं.

पलीकडे ती रडतच राहिली. ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून मी पुन्हा म्हटलं, "मला सांग गो."