पटावर दुसऱ्याचा हात

मंडळी, आज एक मेलेला शिपाई उठून उभा राहिला.

इकडे घोलवडला मी बोटभर उंचीचे शिपाई रंगवतो आणि एकटाच त्यांच्या लढाया खेळतो. सध्या चिकूच्या खोक्यांवर फळी टाकून वसईचा वेढा मांडलाय. मराठ्यांची चाल खेळायची, मग उठून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि पोर्तुगीजांची खेळायची.

सकाळी डहाणूहून परत आलो तर तटाजवळचा आडवा शिपाई उभा! आमच्या खेळात आडवा म्हणजे मेलेला.

केर काढायला येणाऱ्या सुमनमावशींना विचारलं.

"पडलेला, म्हणून उभा केला."

"मावशी, तो मेलाय."

"एवढा रंगवलात आणि मारलात पण?"

जाम चिडलो. त्याला परत आडवा करायला हात पुढे केला, पण करवेना. तीन वर्षांत या पटाला माझ्याशिवाय कुणाचा हातच लागला नव्हता.

शिपाई अजून उभाच आहे.

डहाणू-तलासरीकडे कुणी आहे का खेळणारं? मराठे तुम्ही घ्या. मी पोर्तुगीज घेतो.