पुन्हा चालू करून दाखवा

चालू असलेल्या कुठल्याही गोष्टीवर भालेराव मॅडमचा विश्वास नव्हता. मशीन झकास चालतंय, असं कुणी छाती फुगवून सांगितलं की त्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चालतंय ते दिसतंय. आता बंद करा आणि पुन्हा चालू करून दाखवा." नव्या माणसाला वाटायचं, बाई चेष्टा करतायत. जुन्यांना ठाऊक असायचं की आता चहा गार होणार.

हा खाक्या कंपनीपुरता नव्हता. पिंपळे सौदागरला त्यांच्या सोसायटीत नवा जनरेटर बसला. चेअरमननी नारळ फोडला, टाळ्या झाल्या, पेढे वाटायला घेतले, तेवढ्यात मॅडमनी जाऊन मेन स्विच खाली ओढला. जनरेटर ढिम्म. चेअरमनचा चेहरा पडला. "अहो सुनंदाताई, आज उद्घाटन होतं!" "म्हणून तर आजच बघितलं," मॅडम म्हणाल्या. "लिफ्टमध्ये कुणी अडकल्यावर बघायचं होतं का?" हा किस्सा त्यांनी स्वतःच मला सांगितला, आणि शेवटी एवढंच म्हणाल्या की पेढे मात्र चांगले होते.

मी चाकणच्या आमच्या कारखान्यात लाईन इन्चार्ज. मूळचा बीडचा, आता मोशीत फ्लॅट घेऊन इकडचाच झालोय. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवतो. लाईनच्या शेवटी कॅमेरे आहेत. ते प्रत्येक भागाचा फोटो काढतात आणि बारीकशी चीर दिसली तरी तो भाग बाजूला ढकलतात. त्या कॅमेऱ्यांमागचे संगणक म्हणजे भालेराव मॅडमचं राज्य. पूर्वी तिथे एका पुरवठादाराची सीलबंद सिस्टीम होती. आत काय चालतं विचारलं तर "ते आमचं सिक्रेट" असं उत्तर मिळायचं, आणि साधा बदल करायचा तरी पंधरवडा जायचा. मॅडमनी ती काढली, सगळ्या संगणकांवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम बसवली आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर स्वतः खपून लिहिलं. प्लँटचे प्रमुख पाटणकर साहेब तिला 'फुकटची सिस्टीम' म्हणायचे. मॅडम दर वेळी न चिडता दुरुस्ती करायच्या, "फुकटची नाही साहेब, उघडी. आत काय आहे ते आपल्याला बघता येतं."

त्यांचं माझ्याकडे एकच मागणं होतं. महिन्यातून एकदा लाईन थोडा वेळ थांबवा, मला संगणक बंद करून चालू करू द्या. मी कसला देतोय! टार्गेट माझ्या मानगुटीवर. "मॅडम, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?" मी म्हणायचो. "घालत नाही हो, सोळंके. आधीच कुणी घातलीय का ते बघते." पण लाईन काही मिळायची नाही.

त्यामुळे ते संगणक वर्षातून एकदाच बंद व्हायचे, खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं थांबतात. पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते, मग दसऱ्याची सुट्टी, आणि तिसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सगळं पुन्हा चालू करते. मॅडम बौद्ध, पूजेत नसायच्या. दसऱ्याला त्या विहारात जायच्या. पण खंडेनवमीला ब्लोअर घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. "पूजा तुमची, धूळ माझी," म्हणत संगणकांच्या पोटातली वर्षभराची घाण काढायच्या. मग आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर आल्हाट मामा माळ घेऊन आले की मॅडम बजावायच्या, "मामा, पंख्यावर नको. देवालासुद्धा श्वास घेऊ द्या."

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या सकाळी मामांनी बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. वर इंग्रजीत एक ओळ: पडताळणी झाली नाही, सुरक्षेचा भंग. दुसरा संगणक तसाच, तिसराही तसाच. मामा म्हणाले, "मॅडम, ह्ये आपल्याला वळखतच न्हाई म्हणतंय!"

"बरोबर म्हणतंय," मॅडम वाकून बघत म्हणाल्या. मग मला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. संगणक जागा होतो तेव्हा लिनक्स असो की आणखी काही, आत येण्याआधी गेटवर एक वॉचमन असतो. तो संगणकाच्या आतल्या मदरबोर्डमध्येच बसवलेला. ज्याच्या पासवर ओळखीचा शिक्का, त्यालाच तो आत सोडतो. शिक्का असतो एका मोठ्या परदेशी कंपनीचा, आणि आपल्या लिनक्सलाही त्याच शिक्क्यावर आत यावं लागतं. पावसाळ्यात संगणकवाल्यांचा माणूस सर्व्हिसिंगला आला होता. त्याने वॉचमनच्या हातात रद्द झालेल्या पासांची नवी यादी दिली. जुन्या पासांत खोट सापडली होती, म्हणजे त्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त आपला पास त्याच जुन्यांतला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आणि वॉचमन यादी बघतो ती गेट उघडताना. आमचे संगणक तर गेल्या दसऱ्यापासून बंदच झाले नव्हते, म्हणजे गेट उघडंच होतं.

मी तोवर मोबाइलवर शोधलं होतं. "मॅडम, सगळीकडे एकच उपाय दिलाय. सेटिंगमध्ये जाऊन ती तपासणी बंद करा, लिनक्स लगेच चालतं."

"चालतं ना. वॉचमनला घरी पाठवला की सगळेच आत येतात. उद्या कुणी पेनड्राइव्ह लावून भलतंच काही चालू केलं आणि चीर पडलेला भाग पास व्हायला लागला, तर? तुमची पोरगी स्कूटीवर कॉलेजला जाते ना, सोळंके?"

मी मोबाइल खिशात टाकला. पण पाटणकर साहेब एवढ्यावर थांबणारे नव्हते. जुन्या पुरवठादाराला कुठून वास लागला कोण जाणे, त्याचा फोन येऊनही गेला होता. साहेब लाईनवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भालेराव, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघतो. एकतर ती तपासणी बंद करा आणि माल काढा, नाहीतर तुमची ही सिस्टीमच काढतो. सीलबंद होती तेव्हा निदान असलं काही झालं नव्हतं."

मॅडमची सगळी मेहनत त्या एका वाक्यात पणाला लागली. मला वाटलं, आता रडतील किंवा भांडतील. त्या म्हणाल्या, "ठीक आहे साहेब. तोवर भाग हाताने तपासू." मामांसह चार जणांना त्यांनी भिंगं देऊन बसवलं आणि स्वतः कामाला लागल्या. लिनक्सवाल्यांनी नव्या शिक्क्याचा नवा पास केव्हाच तयार करून सगळ्यांसाठी ठेवला होता. तो उतरवून घेतला, खरा आहे याची खात्री केली आणि पहिल्या संगणकात घातला. पडदा उजळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "टाळ्या नंतर. बंद करा."

"अहो, आत्ता तर चालू झालाय!"

"म्हणूनच. बंद करा आणि पुन्हा चालू करा."

असं प्रत्येकाचं. जेवणाचा भोंगा झाला तेव्हा शेवटचा कॅमेरा फोटो काढायला लागला होता, आणि वॉचमन आपल्या जागेवर होता. मी त्या दिवशी जेवलो नाही, नुसता सगळ्यांना सांगत फिरलो. आमच्या मॅडम, आमच्या मॅडम. बायको अजून चिडवते की तुम्ही एवढे आपल्या लग्नात खूश नव्हतात.

पण मॅडमचं समाधान झालं नव्हतं. कँटीनमध्ये साहेब ताट घेऊन शाबासकी द्यायला आले, तर मॅडमनी त्यांनाच समोर बसवून घेतलं. "साहेब, माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे होते. लेथ त्यांच्या हाताखाली, पास मात्र ठेकेदाराच्या खिशात. एक दिवस ठेकेदार बदलला आणि वडील गेटच्या बाहेर उभे राहिले. आत त्यांचं मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येईना, तरी ते दिवसभर बाहेर. पुढे पर्मनंट झाले, स्वतःच्या नावाचा पास मिळाला, तेव्हा आईने तो तसबिरीसमोर ठेवला होता." साहेब जेवायचे थांबले. "आज आपलं तेच झालं. संगणक आपला, सिस्टीम आपली, आणि आत यायला पास दुसऱ्याचा. वॉचमन वाईट नाही, साहेब. फक्त तो कुणाचा शिक्का मानतो ते मालकाने ठरवावं. तशी सोय आहे त्यात. आपला शिक्का आपण करू."

साहेबांनी ताट बाजूला सारून विचारलं, "करता येतं?"

"येतं. लोक करत नाहीत, कारण तपासणी बंद करणं सोपं आहे."

मग आमच्या कारखान्याचा स्वतःचा शिक्का झाला. प्रत्येक संगणकातल्या वॉचमनला मॅडमनी त्याची ओळख करून दिली. शिक्का मारायची किल्ली तिजोरीत ठेवली. ती एकट्याने काढायची नाही असा नियम केला आणि तो पहिल्यांदा स्वतःला लावला. कुठलीही नवी गोष्ट बसवायची तर मॅडमनासुद्धा मला सोबत घेऊन जावं लागायचं. मला शिक्का मारायला शिकवलं, माझ्या दोन माणसांना शिकवलं, आणि शिकवून झालं की म्हणायच्या, "आता मी बघणार नाही. करून दाखवा." आणि महिन्यातून एकदा चहाच्या सुट्टीत लाईन बंद-चालू करणं सुरू झालं. ती सुट्टी मीच जाऊन देऊ केली. मॅडम म्हणाल्या, "सोळंके, तब्येत बरी आहे ना?"

या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला भाषण करायला सांगितलं तर म्हणाल्या, "मी काय शिकवलं ते आज नाही कळणार. दसऱ्यानंतर कळेल." गळ्यातलं ओळखपत्र काढून टाइम ऑफिसात जमा केलं आणि स्कूटर काढून गेल्या. नेहमीप्रमाणे गेटजवळ एकदा बंद करून, पुन्हा चालू करून.

त्यानंतर, लिनक्सच्या ज्या पहिल्या भागाचा पास वॉचमन तपासतो, त्याची नवी आवृत्ती आली. आमच्या माणसांनी ती स्वतः शिक्का मारून बसवली, शिक्का तपासला; खंडेनवमी तोंडावर असल्याने बंद-चालू मात्र तेव्हावरच ठेवली. खंडेनवमीला मॅडमशिवायच माळा घातल्या. धूळ मी काढली. दसऱ्यानंतरच्या सकाळी बटण दाबण्याआधी मी त्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, तरी बंद. मामा म्हणाले, "दाबू का न्हाई, राव?" मी म्हणालो, दाबा.

पडदा उजळला. मग दुसरा, मग सगळे. मामा ओरडले, "वळखलं बरं का!" सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि मी स्वतःच्या तोंडून शब्द ऐकले, "टाळ्या नंतर. बंद करा."

दुसऱ्यांदाही सगळे चालू झाले, तेवढ्यात गेटवरून फोन आला. "सर, भालेराव मॅडम शिफ्टच्या आधीपास्नं समोरच्या टपरीवर बसल्यात. आत चला म्हणलं, तर येईनात."

मी धावतच गेलो. मॅडम बाकावर बसल्या होत्या, शेजारी बंद फोन. "मॅडम, किती फोन केले!"

"चालू ठेवला असता तर तुम्ही मला विचारलं असतं." मग हलकेच म्हणाल्या, "झालं?"

"झालं. सगळे. बंद करून पुन्हा चालू केले, तरी झाले."

मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला. मी म्हणालो, "चला ना आत. मामा वाट बघतायत. वॉचमन तर तुम्हाला सोडतच होता."

"ओळखीवर सोडत होता," त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडे आता पास नाही. एवढी वर्षं काय शिकवलं मी तुम्हाला?"

मी टाइम ऑफिसात गेलो, त्यांच्या नावाचा पास केला, खाली सही केली आणि कारखान्याचा शिक्का मारून आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून नीट बघितला, गळ्यात घातला आणि रस्ता ओलांडून गेटवर उभ्या राहिल्या. वॉचमन हसून बाजूला व्हायला लागला. मॅडम हलल्या नाहीत. मग त्याने पास हातात घेतला, शिक्का बघितला, चेहरा बघितला आणि गेट उघडलं.

"आता बरोबर," मॅडम म्हणाल्या, आणि आत आल्या.