दौंडच्या पेठेतली भट्टी

दौंडच्या जुन्या पेठेत, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, भाड्याच्या गाळ्यात आमची बेकरी होती. पाव, बटर, खारी. डिसेंबर लागला की आमच्या चर्चमधल्या बायका नानकटाईचं पीठ मळून डब्यात आणायच्या आणि आपापला ट्रे भाजून निघेपर्यंत गप्पा मारत बसायच्या.

मग लोक गावाबाहेर जाऊ लागले. आधी रेल्वेतून रिटायर झालेले, मागोमाग दुकानदारांची मुलं. हायवेकडं सोसायट्या झाल्या. शेजारचा कापडवाला गेला, समोरचा दवाखाना गेला. दिवेलागणीला पेठेत नुसती कुत्री फिरायची. माझे मिस्टर तरी रोज भट्टी पेटवायचेच. उरलेल्या पावाचे टोस्ट करून आम्हीच खायचो.

मी म्हणाले, "आपण पण तिकडं गाळा बघू या."

"भट्टी उचलून नेता येती व्हय?"

एका नाताळात कुणीच डबा घेऊन आलं नाही. घरोघर ओव्हन आले होते. मिस्टर दिवसभर रिकाम्या भट्टीत लाकडं सारत राहिले. मी थांबा म्हणाले, तर त्यांनी वळूनही बघितलं नाही.

पुढं नगरपालिकेनं पेठेतला रस्ता नवा केला, फरशी बसवली, दिवे लावले. बाहेर गेलेली माणसं रविवारी फिरायला येऊ लागली. पाव दुपारीच संपायला लागला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात गाळामालकाचा मुलगा आला.

"काका, गाळा मोकळा करा. कॅफे टाकायचाय."

"कुणी न्हवतं तवा आम्हीच होतो की इथं."

"खरंय काका. पन आता जागेला भाव आलाय."

तो काही उर्मटपणे बोलला नाही. मी दिलेला चहाही पिऊन गेला.

भट्टी फोडायला गवंडी आला, तेव्हा हे म्हणाले, "पहार माझ्याकडं दे." एकच घाव घातला आणि खाली बसले. आतल्या विटा अजून कोमट होत्या. त्यांच्यावर हात ठेवून ते कितीतरी वेळ बसून होते. शेवटी गवंड्यानंच त्यांना धरून उठवलं.

आता आम्हीही हायवेकडं एका खोलीत राहतो. ते घराबाहेर पडत नाहीत, जेवणही सुटलंय. मागच्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो?"

"काय न्हाई."

"मग दिवसभर काय करता?"

"बसतो."

डॉक्टरांनी भूक लागायच्या गोळ्या लिहून दिल्या.